काळ्या रेघेखालची वाळू

आमचं घर विहिरींवर चाललं, पण आमची स्वतःची विहीर कधी नव्हती. देवणी तालुक्यातलं आमचं गाव, आणि त्या गावात आमच्या नावावर हातभर जमीन नाही. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, विहिरी खोदायचे. माय दगड-मुरमाच्या टोपल्या भरायची. विहीर जिथं, तिथं आमचं पाल. पाणी लागलं की गावकरी नारळ फोडायचे, पेढे वाटायचे, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी सामान उचलायचो, कारण पाणी लागलं म्हणजे काम संपलं. मी लहानपणी मनातल्या मनात म्हणायचे, देवा, या विहिरीला पाणी लागू नये. अख्ख्या मराठवाड्यात असं मागणारी मी एकटीच असेन.

माझा मोठा भाऊ बालाजी उदगीरच्या बाजूला एका विहिरीत गेला. विहिरीतला मलबा वर ओढायला काठावर यारी लावतात. तिचा दोर तुटला आणि भरलेला डबा खाली आला. खाली बालाजी होता. तेराव्यानंतर माय आबांना म्हणाली, "आता सरू टोपली उचलणार न्हाई. सरू शाळंत जाणार." माझं नाव सरस्वती. तोवर ते नुसतंच नाव होतं.

आम्ही लातूरला आलो. माय डाळ मिलमध्ये निवडायला जायची, आबा आडतीवर हमालीला. विहिरीचं मोठं काम निघालं तर आबा तिकडंही जायचे, पण एकटे. मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, बी.एड. झाले. विषय भूगोल. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. लोक म्हणतात गर्व करू नये. मी करते. ज्यांना आयतं मिळालं त्यांनी करू नये.

किनवट

किनवट तालुक्यातल्या एका निवासी शाळेत मी शिकवते. जंगलातल्या गावांमधून आलेल्या मुली इथं वसतिगृहात राहतात. चालायला वाघिणी. सुट्टीला घरी जाताना बस जिथं सोडते तिथून पुढं डोंगर चढून जातात आणि सोमवारी परत येतात, पायाला काही झालंय असं वाटतच नाही.

नववीला मी भरती-ओहोटी शिकवत होते. सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत आले की उधाणाची भरती, काटकोनात आले की भांगाची. ही आकृती मी डोळे मिटून काढीन. मागच्या बाकावरची सुनीता उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही बगितलाय का समुद्र?"

वर्ग हसला. थाप मारता आली असती.

"नाही," मी म्हणाले.

"मग पानी रोज वर येते, हे खरं कशावरून?"

ती उद्धटपणे विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "दहावीत गेलात की आपण सगळ्या जाऊन बघू." बोलून गेले आणि अडकले. दुसऱ्या दिवशीपासून ती पोरगी मला व्हरांड्यात गाठून विचारायची, "मॅडम, कवा?"

जूनमध्ये त्या दहावीत गेल्या आणि मी हेडसरांकडं विषय काढला. आमची सहल दरवर्षी तीच असते: एक देऊळ, एक धरण, संध्याकाळी परत. सर म्हणाले, "समुद्र? पोरी बुडाल्या म्हणजे?"

"बुडायला नाही सर, चालायला न्यायचं. पाण्यात उतरायचंच नाही. कड्यावरून एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत दिवसभराची वाट. मधे एखाद्या वाळूवर जेवण."

सरांनी बराच वेळ पेन टेबलावर आपटलं. मग म्हणाले, "आधी तुम्ही स्वतः चालून या. तुमचा पाय टेकला नाही तिथं आपल्या पोरींचा टेकणार नाही."

मला पटलं. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवलं.

लातूर

दिवाळीत घरी आले तेव्हा मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून बसले. देवगडच्या बाजूचा किनारा मोठा करून बघितला. कडा, मग वाळूचा एक छोटा खिसा, मग पुन्हा कडा, पुन्हा खिसा. एखाद्यानं भाकरीचा काठ चावत जावा तसा तो किनारा दिसत होता. कोणत्या खिशात उतरायला वाट आहे, सावली कुठं मिळेल, मी बोटानं शोधत होते. आबा खांद्यावरून डोकावले.

"हे निळं समदं पाणी?"

"हाव."

"आन टँकर कुठं भरतेत?"

"खारं हाय आबा ते."

"मग एवढं ठिवून काय फायदा?"

माय चुलीपासून म्हणाली, "तुमाला ईचारून ठिवलं असतं, पर तुमी विहिरीत होते."

एकटी जाणार म्हटल्यावर आबा बसले तिथून उठलेच नाहीत. "तू नकाशा बग. दगड म्या बगतो. कोणता दगड पोरीचं वजन पेलंल आन कोणता घरंगळंल, हे तुझ्या त्या मोबाइलात दिसतं का?" दिसत नव्हतं. आणि मला सोबत हवीच होती. साठी ओलांडलेला, साखरेच्या गोळ्या खाणारा माणूस, पण दगडाबाबत मी आयुष्यभर त्यांचा शब्द खोटा ठरलेला बघितला नव्हता. हातोड्याचा एक ठोका मारून ते सांगायचे, हा टणक पाषाण आहे, हा ठिसूळ मांजऱ्या आहे, याच्यामागं झरा आहे. झरा असायचा.

मायनं ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा बांधून दिला. पाणी आम्ही दोघांनी मिळून इतकं घेतलं की कोल्हापूरला कंडक्टर म्हणाला, "ताई, लग्नाला चाललाय का?" लातूरची माणसं पाण्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. समुद्राला निघालो तरी नाही.

सडा

कोकणात कड्यावरच्या सपाट माळाला सडा म्हणतात. तांबडा जांभा दगड, त्याच्यावर पिवळं पडलेलं गवत. आपल्याकडच्या माळासारखाच माळ. आबा खूश झाले. "हे तर आपलंच हाय की," म्हणाले. आणि चारशे पावलांवर तो माळ संपला.

फळ्यावर मी समुद्र एका वाकड्या रेघेनं काढते. तिथं रेघ नव्हती. खाली पाणी दगडावर येऊन फुटत होतं आणि तो आवाज पोटात येत होता. सुंदर आहे, असं मला पहिल्यांदा वाटलंच नाही. भीती वाटली. आबांनी टोपी काढून हातात धरली. मी कधी त्यांना देवळाबाहेर टोपी काढताना बघितलं नव्हतं.

गावाचं नाव लिहीत नाही. पुढं जे झालं त्यात त्या गावाचा काही दोष नाही, आणि लोकांनी उगाच तिकडं बोट दाखवायला नको. आम्ही एका काकूंच्या घरी उतरलो. त्या एकट्याच राहायच्या, मुलगा मुंबईला. अंगणात शेणाचा सडा, तुळशीपुढं पणत्या. त्रिपुरी पौर्णिमा होती.

"खयसून इलात?" त्यांनी विचारलं.

"लातूरहून."

"म्हणजे तो भूकंपाचो लातूर?"

आपली ओळख देशभर अशीच आहे. एक तर भूकंप, नाही तर पाण्याची रेल्वे. मी म्हणाले, "हो. पण आता डाळ चांगली होते."

काकूंनी भात, सोलकढी आणि कुळथाची पिठी वाढली. आबांनी तीनदा भात घेतला आणि हात धुताना माझ्या कानाशी म्हणाले, "पोट भरलं, पर भूक हायच." मग अंधारात बसून मायची वाळलेली भाकरी चटणीबरोबर खाल्ली. काकूंनी बघितलं. "माका दी बघू एक तुकडो," म्हणाल्या. चावता चावता त्यांचा जबडा दुखला. "ह्या तुमी रोज खातास?"

"म्हणून तर दात हायत," आबा म्हणाले.

कड्यानं जाणार असं आम्ही सांगितलं. काकू म्हणाल्या, "जावा, पण कडेक जाव नकात. कडो ढासळता." आबांनी माझ्याकडं बघून मान हलवली. बघ, मी सांगतच होतो. वाळूत उतरायचं आम्ही बोललोच नाही, त्यामुळं त्यांनी वाळूचं काही सांगितलं नाही. आपल्याकडं पाहुण्याला कुणी सांगतं का, दुपारी ऊन लागतं म्हणून?

खिसा

सकाळी लवकर निघालो. वरची वाट छान होती. आबा पुढं, काठीनं दगड ठोकत. "हितं पोरी एकामागं एक. हितं दोरी धर. हितं बसायचं न्हाई, खालून पोकळ हाय." मी मनात नोंद घेत होते. मला वाटत होतं, हे काम आपण दोघांनीच करावं असं होतं. नकाशा माझा, दगड त्यांचा.

मग मोबाइलवर निवडलेला तो खिसा खाली दिसला. गुळगुळीत वाळू, तिन्ही बाजूंनी कडा, कड्याखाली दाट सावली. तिथं थेट उतरता येत नव्हतं. अलीकडच्या वाळूत उतरायचं, आणि दोन्हींच्या मधे समुद्रात घुसलेल्या दगडाच्या सोंडेला वळसा घालून पलीकडं जायचं. समुद्र लांब सरकलेला होता. सोंडेच्या टोकाशी ओली, कठीण वाळू होती, बैलगाडी जावी अशी. आम्ही चप्पलही न भिजवता पलीकडं गेलो.

जेवणाची जागा सापडली म्हणून मला आनंद झाला. आबा कडा तपासायला लागले. खालचा दगड काळा, टणक. त्यांच्या डोक्याच्या वर हातभर उंचीवर दगडाचा रंग बदलत होता. खाली काळपट, शेवाळलेला, बारीक खरबरीत शिंपल्या चिकटलेला. वर कोरडा तांबूस. मधे सुतानं आखल्यासारखी रेघ.

"आबा, ही रेघ?"

आबांनी तिच्यावरून हात फिरवला. आयुष्यभर ज्या हातांनी विहिरींच्या भिंती वाचल्या तेच हात. "पावसाळ्यात पाणी हितवर चढतं. आता उतरलंय. विहिरीला न्हाई का, दिवाळीपस्तोर रेघ दिसाया लागती, उन्हाळ्यात बूड. तसंच हाय हे."

आता वाचणाऱ्याला वाटेल, ही भूगोलाची एम.ए. बाई, काल पौर्णिमा, हिनं उधाणाची भरती शंभरदा शिकवलेली. बरोबर आहे. ती रेघ ओली होती, हेही मी बघितलं. पण आमच्याकडं पाणी वर्षातून एकदा वर येतं आणि उरलेले महिने खाली जातं. तलाव, विहीर, आड, धरण, सगळीकडं हेच. पाणी त्याच दिवशी परत येतं, हे मला पाठ होतं. ठाऊक नव्हतं. आबांचं बोलणं माझ्या हाडांना ओळखीचं वाटलं आणि मी मान हलवली.

आम्ही भाकरीचं फडकं सोडलं आणि जेवलो. आबा सावलीत आडवे झाले. मी फोटो काढत होते, मुली कुठं बसतील, शिक्षक कुठं उभे राहतील. मागं वळले तेव्हा सोंडेच्या टोकावर पाणी फुटत होतं.

त्या पाण्याला यायची घाई नव्हती. एक लाट यायची, मागं जायची, पुढची थोडी जास्त यायची. आम्ही सोंडेशी पोचलो तोवर माझ्या कमरेइतकं झालं होतं आणि ओढत होतं.

आबा म्हणाले, "हाय किती? विहीर दोन डाव वलांडल्यावाणी. म्या पोहून जातो, वरून माणसं घिऊन येतो. तू हितंच थांब."

"आबा नको. हे पाणी ढकलतं."

"पाणी ढकलतं व्हय," म्हणाले, आणि धोतर सोडून माझ्या हातात दिलं. आबा पट्टीचे पोहणारे. साठ फूट खोल विहिरीत सूर मारून पडलेली पहार वर आणणारे. पण विहिरीचं पाणी माणसाला धरून ठेवतं, कुठं नेत नाही. तिसऱ्या हाताला लाटेनं त्यांना उचललं आणि सोंडेवर आपटलं. मग मागं ओढलं, आणि पुन्हा आपटलं.

मी पाण्यात गेले. मला पोहता येत नाही. गळ्यापर्यंत गेले आणि धोतराचं टोक फेकलं. आबांनी ते मनगटाला गुंडाळलं. डबा वर ओढावा तसं मी त्यांना ओढलं, लाट आली की ढिलं, गेली की ओढ. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण लहानपणी यारीशेजारी बसून मी हेच बघत मोठी झाले. वाळूवर आले तेव्हा त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता आणि हाड बाहेर दिसत होतं. शिंपल्यांनी पोटरी सोलून काढली होती.

वाळू तोवर चटईएवढी उरली होती.

कड्यात त्या काळ्या रेघेच्या वर ओट्यासारखा एक दगड पुढं आलेला होता. तिथं आबांना चढवणं कसं जमलं ते मला नीट सांगता येणार नाही. धोतर त्यांच्या काखेतून घातलं. "अशी न्हाई, दुहेरी गाठ मार," ते सांगत होते. दात इतके आवळलेले की शब्द जेमतेम कळत होते. एकदा ओरडले. त्यानंतर नाही.

मग आम्ही बसून राहिलो. खाली, जिथं मी मुलींना जेवायला बसवणार होते, तिथं पुरुषभर पाणी झालं. रेघेपर्यंत आलं. बरोबर रेघेपर्यंत, बोटभरही कमी नाही. लाटा ओट्यावर चढून आमचे पाय धुऊन जात होत्या. खारं पाणी जखमेवर यायचं तेव्हा आबा माझं मनगट धरायचे.

मोबाइल पाण्यात भिजून बंद पडला होता. मी ओरडले. लांबून एक होडी गेली. तिनं ऐकलं नाही. वर सड्यावर कुणी नव्हतं.

"सरू."

"जी आबा."

"म्या चुकीचं वाचलं गं."

"मीही वाचलं आबा. दोघांनी."

त्यांनी खालच्या पाण्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बालाजी गेला तवा दोर म्याच तपासला हुता. सकाळी. चांगला दिसला."

हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. मायलाही नाही. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ते थरथरत होते, ऊन होतं तरी. मी त्यांच्याशी बोलत राहिले. आडतीवरच्या गोष्टी काढल्या, माय कशी मुकादमाला शिव्या द्यायची ते. ते एकदा हसले. नंतर हसेनात, तेव्हा मला खरी भीती वाटली.

पाणी ज्या शांतपणे आलं त्याच शांतपणे गेलं. दुपार कलल्यावर सोंडेला वळसा घालण्याइतकी वाट झाली. मांडीभर पाण्यातून मी गेले, चढले, आणि सड्यावरून धावत सुटले.

माणसं

काकूंनी मला अंगणात बघितलं आणि एवढंच विचारलं, "खय?" मी हात केला. त्यांनी हाका मारल्या. घराघरातून माणसं निघाली. दोन बांबू, त्यांच्यात मासळीचं जाळं चौपदरी बांधलेलं. त्यात घालून सहा जणांनी आबांना वर आणलं. कुणी मला बोल लावला नाही. लावला असता तर मला सोपं गेलं असतं. एकच म्हातारा वर आल्यावर म्हणाला, "पुनवेचा उधाण, आणि थय बसलात?" मी म्हणाले, "आमच्याकडं समुद्र नाही काका." त्यानं खांद्यावरचा पंचा काढून आबांच्या अंगावर टाकला.

तालुक्याच्या दवाखान्यातून कोल्हापूरला नेलं. साखर होती, जखम खोल होती, त्यात समुद्राची घाण गेलेली. डॉक्टरांनी आठवडाभर झुंज दिली. मग मला बाहेर बोलावलं. डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

माय आली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पलंगाकडं बघितलं, चादर जिथं सपाट होती तिथं. मग पिशवीतून डबा काढून मला म्हणाली, "खा आधी." आत्या मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. भरल्या वॉर्डात म्हणाली, "एवढी पुस्तकं वाचली, आन समिंदराला विहीर समजली!"

आबा उशीवरून म्हणाले, "ती न्हाई. म्या समजलो."

"तुमी अडाणी. तिला कळाया नगो?"

"गप्प बस जरा," आबा म्हणाले. आत्या बाहेर गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "पोरीला कवा नेणार?"

"कुणाला, आबा?"

"त्या शाळंतल्या. समिंदर दावाया."

मी म्हणाले, "आता काय न्यायचं?"

ते माझ्यावर रागावले. पाय गेला तेव्हा रागावले नव्हते. "बालाजीच्या त्या विहिरीचं पाणी आख्खं गाव पितंय. म्या बगून आलोय. माणूस गेला म्हणून पाणी सोडलं का कुणी? पुन्ना जा. नीट बगून ये."

पुन्हा

हेडसर म्हणाले, "मॅडम, विषय बंद." मी म्हणाले, "सर, तुम्हीच म्हणाला होता, आधी चालून या. माझं चालून झालेलं नाही." त्यांनी हो म्हटलं नाही, पण रजेवर सही केली.

डिसेंबरमध्ये मी एकटी गेले. काकूंनी दार उघडलं आणि पाट मांडला. त्या खिशाच्या वर, सड्यावर, मी सकाळपासून सूर्य बुडेपर्यंत बसून राहिले. पाणी येताना बघितलं, जाताना बघितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. काकूंचा भाचा म्हणाला, "मावशी, ही बाय येडी झाली काय?" काकू म्हणाल्या, "तिका बसांदी."

आणि बसल्या बसल्या माझी फळ्यावरची आकृती पहिल्यांदा जागेवर आली. तिथं अमावास्या-पौर्णिमेला भरदुपारी उधाण येतं. अष्टमीला दुपारी ओहोटी असते, आणि भांगाची भरती त्या रेघेच्या पुष्कळ खाली थांबते. म्हणजे मुलींना न्यायचं ते अष्टमीला. चालायचं सगळं वरून. तो खिसा यादीतून कायमचा बाद, अष्टमी असली तरी बाद. जेवण वर काजूच्या बागेत. वाळूत उतरायचं एकदाच, शेवटच्या गावाजवळ, जिथं वाळूतून थेट देवळाकडं पायऱ्या जातात आणि कुठल्याही सोंडेला वळसा घालावा लागत नाही. पाण्यात कुणी घोट्याच्या वर जायचं नाही. आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: पाणी आत्ता आलं तर इथून वर कुठून जायचं? उत्तर नाही, तिथं थांबायचं नाही.

ही यादी मी सरांपुढं ठेवली, तेव्हा ते म्हणाले, "पालक हो म्हणाले तर न्या." रविवारी पालक भेटायला आले तेव्हा सरांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. एक बाप म्हणाला, "मॅडम, तुमच्या बापाचा पाय गेला म्हणते तिथं. आन आमच्या पोरी न्यायला निघाल्या?"

"हाव," मी म्हणाले. "गेला. कुठं आणि कशानं गेला ते मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाबरोबर पाठवाल तर त्याला ते माहीत नसंल."

ते आपसांत त्यांच्या बोलीत बराच वेळ बोलले. मग त्या बापानंच विचारलं, "जेवन कोन देनार?" मला कळलं, हो म्हणालेत.

सुनीता दिवाळीनंतर परतच आली नव्हती. मी तिच्या गावी गेले. बस सोडते तिथून पुढं डोंगर चढून. तिची आई सरकी-कापसाच्या कामाला तेलंगणात गेलेली, घरात धाकटी तीन भावंडं, त्यातलं एक सुनीताच्या कडेवर. मी तिच्या आजीला खूप समजावलं. आजी म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमी न्याल, आन या लेकराला कोन घेईल?" निघताना सुनीता ओढ्यापर्यंत आली.

"मॅडम, खरंच वर येते का पानी?"

"येतं," मी म्हणाले. "रोज. दोनदा."

तिनं मान हलवली. कडेवरचं पोर रडायला लागलं तशी ती वळली. तिला शाळेत परत आणायचं मी सोडलेलं नाही, पण अजून जमलेलं नाही, आणि जमलं असं खोटं मी इथं लिहिणार नाही.

जानेवारीत, अष्टमीच्या दिवशी, आमच्या शाळेतल्या दहावीच्या मुली कड्यावरच्या त्या वाटेनं एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत चालल्या. दुपारी वाळूत उतरल्या, समुद्राला हात लावला, चव घेऊन थुंकल्या, आणि पाणी फिरायच्या आत पायऱ्या चढून वर आल्या. जितक्या नेल्या होत्या तितक्या मी परत आणल्या.